टॅबला वायर जोडतात का हो?

ऑक्टोबर २०२०. तोंडाला मास्क, खिशात सॅनिटायझरची बाटली, आणि मी बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत एका दुकानापुढे बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभा. मला हवी होती काड्यापेटीएवढी एक डबी. तिच्या एका टोकाला टॅबमध्ये खुपसायची पिन, दुसऱ्या टोकाला लॅनची केबल बसेल असं चौकोनी भोक. काउंटरवरच्या मुलाला मी हे हातवारे करून समजावलं. तो विशी-बाविशीचा असेल. त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाला, "टॅबला वायर जोडतात का हो काका? वायर नको म्हणूनच तर लोक टॅब घेतात!"

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण माझ्या भाचीची पदवीची शेवटच्या वर्षाची परीक्षा सहा दिवसांवर आली होती, आणि ती त्या टॅबवर द्यायची होती.

आमच्या घरच्या मंडळींना ही गोष्ट ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही ह्यावर उन्हाळाभर वाद चालला. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षा पुढे ढकलता येईल, पण न घेता पदवी देता येणार नाही. मग धावपळ करून ऑनलाईन परीक्षा ठरल्या. ताईच्या घरातला एकुलता एक लॅपटॉप दाजींच्या ऑफिसच्या कामाला जुंपलेला. उरला टॅब. ताईचं घर म्हणजे जुन्या वाड्यातल्या तीन खोल्या, मधल्या भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात थंडगार, पण वायफायला वैरी. राउटर पुढच्या खोलीत, भाचीचं टेबल मागच्या खोलीत. पुढच्या खोलीत दाजींच्या मीटिंगा, त्यामुळे जागा बदलायचा प्रश्नच नव्हता. मोबाईलची रेंज खिडकीत उभं राहिलं तर मिळायची.

सराव परीक्षेत चाळीस मिनिटांत तीनदा कनेक्शन तुटलं. प्रत्येक वेळी पुन्हा लॉगिन, आणि घड्याळ आपलं पुढे पळतंय. तिसऱ्यांदा पोरगी रडायला लागली. ताईचा मला फोन आला, कारण घरातला 'कम्प्युटरवाला' मी.

मी जाऊन मोजलं तर तिच्या टेबलापाशी आजूबाजूच्या घरांची सत्तावीस वायफाय दिसत होती! २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल असतात तीनच: १, ६ आणि ११. म्हणजे तीन गल्ल्या आणि सत्तावीस बैलगाड्या. वर सगळा गाव घरी बसून मीटिंगा करतोय. अशा वेळी पन्नास फूट वायर टाकणं हा मला सुचलेला सगळ्यात साधा उपाय होता. नव्या पिढीला तो विनोदी वाटला, एवढंच.

पण त्या निमित्ताने मी ह्या वायरीचा इतिहास पुन्हा उकरून वाचला, आणि एक गंमत लक्षात आली. ही वायर मुळात बिनतारीच्या पोटी जन्माला आली आहे.

गोष्ट सुरू होते हवाई बेटांवर. हवाई विद्यापीठाच्या शाखा वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेल्या, मधे समुद्र, आणि टेलिफोनच्या लाइनी महाग आणि बेभरवशाच्या. नॉर्मन अब्रॅमसन नावाच्या प्राध्यापकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की दूरवरची टर्मिनलं मुख्य कम्प्युटरला रेडिओनेच जोडायची. जून १९७१ मध्ये हे जाळं चालू झालं. नाव ठेवलं अलोहानेट. त्यात नियम इतका साधा की हसू यावं. तुला काही पाठवायचंय? पाठवून टाक. पोचल्याची पावती आली तर ठीक. नाही आली तर समजायचं की दुसरा कुणीतरी त्याच क्षणी बोलला आणि दोघांचंही बोलणं वाया गेलं. मग थोडा वेळ थांबायचं, आणि पुन्हा पाठवायचं. किती थांबायचं? प्रत्येकाने आपापलं, चिठ्ठी टाकून काढल्यासारखं. दोघे सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर होईल ना!

पंक्तीत मुख्य वाढपी कुणाला भाताचं विचारायला लागला की सगळे एकदम बोलतात, मग सगळे एकदम गप्प होतात, मग कुणीतरी एक धीर करून बोलतो. तसंच हे. फक्त ह्या पद्धतीत फुकट फार जातं. गणिताने असं निघतं की वाटेल तेव्हा बोलायची मुभा दिली तर जास्तीत जास्त साधारण १८ टक्के वेळच कामी लागतो. वेळेचे ठरावीक तुकडे पाडून तुकड्याच्या सुरुवातीलाच बोलायचं बंधन घातलं तर ते दुप्पट होतं, ३७ टक्क्यांच्या आसपास.

आता प्रवेश दुसऱ्या पात्राचा. बॉब मेटकाफ हा हार्वर्डला पीएचडी करत होता. १९७२ मध्ये त्याचा प्रबंध नाकारला गेला. नोकरी तर ठरलेली, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात, म्हणजे 'पार्क'मध्ये. तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं, तू ये, प्रबंध इथे बसून पुरा कर. अब्रॅमसनचा अलोहावरचा निबंध त्याच्या वाचनात आला होता. त्यातलं गणित त्याला पटेना, कारण त्यात असं धरलेलं की उत्तर न मिळालेली माणसंही आपली टाइप करतच राहतात. खरी माणसं अडलं की थांबतात. त्याने ते गणित सुधारलं, प्रबंधात घातलं, आणि १९७३ मध्ये हार्वर्डने पदवी दिली.

पार्कमध्ये तेव्हा आल्टो नावाचे कम्प्युटर तयार होत होते, प्रत्येक माणसाच्या टेबलावर एक. आणि एक लेझर प्रिंटर, जो सगळ्यांना हवा. ते सगळं एकमेकांना जोडायचं काम मेटकाफकडे आलं. २२ मे १९७३ ला त्याने एक टिपण लिहिलं. त्यात त्याने अलोहाची कल्पना घेतली, पण हवेऐवजी एका केबलमध्ये कोंडली. आणि दोन गोष्टी वाढवल्या. एक, बोलण्याआधी कान द्यायचा, कुणी बोलत असेल तर थांबायचं. दोन, बोलता बोलताही ऐकत राहायचं, टक्कर झालेली कळली की तिथल्या तिथे गप्प व्हायचं. टक्कर पुन्हा झाली तर थांबण्याची मर्यादा दुप्पट, पुन्हा झाली तर आणखी दुप्पट. नंतर जे नियम पक्के झाले त्यात सोळा प्रयत्नांनंतर नाद सोडून द्यायचा असं ठरलं. आमच्या काही नातेवाइकांनी हा नियम फोन लावताना पाळला तर बरं होईल. असो.

डेव्हिड बॉग्ज हा त्याचा जोडीदार. हार्डवेअरमध्ये हात बसलेला माणूस. दोघांनी मिळून ते जाळं प्रत्यक्ष चालवून दाखवलं. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट.

नावाची कथा आणखी मजेदार आहे. एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत की प्रकाशाच्या लाटा वाहायला सगळीकडे भरलेलं काहीतरी माध्यम हवं, आणि त्याला ते ईथर म्हणत. आपल्याकडे आकाश हे पाचवं महाभूत आणि शब्द हा त्याचा गुण असं सांगतात, थोडंफार त्याच घरातलं. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ले ह्यांनी प्रयोग केला आणि ईथर काही सापडला नाही. मेटकाफने हा निकालात निघालेला शब्द उचलला आणि जाळ्याला नाव दिलं ईथरनेट. मुद्दाम. त्याचं म्हणणं असं की आज ही केबल आहे, उद्या टेलिफोनची तार असेल, परवा रेडिओही असेल. म्हणून केबल म्हणू नका, ईथर म्हणा. म्हणजे १९७३ सालीच ह्या माणसाला वायरीचं फार कौतुक नव्हतं!

पुढे १९७९ मध्ये तो झेरॉक्स सोडून बाहेर पडला आणि थ्रीकॉम कंपनी काढली. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स ह्या तिघांना त्याने एकत्र आणलं आणि १९८० मध्ये त्यांनी १० मेगाबिटचा खुला आराखडा प्रसिद्ध केला. १९८३ मध्ये तो आयईईईने ८०२.३ ह्या आकड्याने मानक म्हणून मंजूर केला. ह्या आराखड्यातल्या दोन गोष्टी आजही जशाच्या तशा चालतात. एका पुडक्यात जास्तीत जास्त १५०० बाइटचा माल, आणि प्रत्येक जोडणीला ४८ बिटांचा स्वतःचा पत्ता, ज्याला आपण मॅक ॲड्रेस म्हणतो. ह्या पत्त्याकडे मी परत येणार आहे.

पहिली केबल होती बोटाएवढी जाड आणि बहुधा पिवळी. तिच्यावर दर अडीच मीटरवर खूण केलेली असे आणि तिथेच छिद्र पाडून दात रोवायचे. त्या जोडणीला 'व्हँपायर टॅप' असं नाव! ती मी फक्त चित्रात पाहिली आहे. माझी ओळख झाली ती तिच्या धाकट्या बहिणीशी. नव्वदच्या दशकात आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बारीक काळी केबल ह्या मशीनच्या पाठीतून त्या मशीनच्या पाठीत अशी माळेसारखी ओवलेली होती. प्रत्येक मशीनच्या मागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड, आणि माळेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी, म्हणजे टर्मिनेटर. ती टोपी काढली की लाट टोकावर आपटून परत फिरते, आणि अख्ख्या लॅबचं जाळं बंद! प्रॅक्टिकलची तयारी झालेली नसली की कुणीतरी हळूच ती टोपी खिशात घालायचं. कोण ते आता तीस वर्षांनी सांगण्यात अर्थ नाही. सर मात्र ओणवे होऊन एकेक टी तपासत टेबलांखालून फिरत असायचे, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

माळेतला एक मणी हलला की सगळं गेलं, हा त्या रचनेचा दोष. तो गेला १९९० मध्ये. पिळलेल्या तारांच्या जोड्यांवरून ईथरनेट चालवायचं मानक त्या वर्षी आलं. तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा खरखराट दोघींवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. ही युक्ती ग्रॅहम बेलची, पेटंट १८८१ चं! आता प्रत्येक मशीनची तार वेगळी, सगळ्या येऊन मध्ये एका हबला मिळतात. एक तुटली तर एकच मशीन बंद.

आणि त्याच १९९० साली हबपेक्षाही मोठी गोष्ट घडली, जिचं नाव ऐकून मराठी माणसाला आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटेल. कॅलिफोर्नियात विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर ह्यांनी १९८७ मध्ये काढलेली एक कंपनी होती. तिचं नाव 'कल्पना'. भारद्वाज ह्यांच्या पत्नीचं नाव. त्यांनी सुरुवातीला पैशाची मदतही केली होती. ह्या कल्पनाने १९९० मध्ये सात तोंडांचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. हब म्हणजे गावातला दवंडीवाला, एकाचं सगळ्यांना ओरडून सांगणार. स्विच म्हणजे पोस्टमन, पत्ता वाचून ज्याचं त्याला देणार. पुढे प्रत्येक तारेवर जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी झाली आणि टक्कर नावाची भानगडच उरली नाही. मेटकाफने एवढा विचार करून बसवलेला थांबण्याचा आणि दुप्पट थांबण्याचा नियम पडून राहिला. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली.

१९९५ मध्ये वेग १०० मेगाबिट झाला, १९९९ मध्ये त्याच चार जोड्यांवरून १००० मेगाबिट. आणि त्याच दशकात, १९९७ मध्ये, रेडिओ परत आला. ८०२.११, म्हणजे ज्याला आपण वायफाय म्हणतो. रेडिओवर बोलता बोलता ऐकता येत नाही, स्वतःच्या आवाजापुढे दुसऱ्याचा ऐकू येत नाही. म्हणून वायफाय आधी कान देतं, अंदाजाने थांबतं, बोलतं, आणि पावतीची वाट बघतं. पावती नाही आली तर पुन्हा. म्हणजे अलोहाच! माझ्या भाचीच्या टेबलापाशी सत्तावीस राउटर हेच करत होते. तिची उत्तरपत्रिका बेटाबेटांवरच्या १९७१ सालच्या गर्दीत अडकली होती, म्हणा ना.

आपल्याकडे ही वायर घराघरात आली ती केबलवाल्याच्या खांद्यावरून. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांना इंटरनेट दिलं, पण ते टेलिफोनवरून, मोडेमच्या किंचाळ्या ऐकत. नंतर दोन-चार वर्षांतच पुण्या-मुंबईत केबलवाले गच्चीवरून गच्चीवर लॅनची केबल फेकायला लागले. मधे एखाद्या जिन्याखाली पत्र्याच्या पेटीत स्विच. पिळलेल्या तारेची मर्यादा १०० मीटर, पण ती पुस्तकात. आमच्या इमारतीला येणारी तार चिंचेच्या झाडावरून, दोन गच्च्या ओलांडून यायची. पावसाळ्यात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी निम्म्या सोसायटीची लॅनकार्डं मेलेली. मी स्वतः तीन बदलली. आणि कार्ड बदललं की नेट बंदच! कारण केबलवाल्याने आपलं खातं त्या ४८ बिटांच्या पत्त्याला बांधलेलं. मग त्याच्या ऑफिसात फोन. "दादा, मॅक बदललाय, घ्या लिहून." आणि आपण बारा अक्षरं-आकडे मोठ्याने वाचून दाखवायची, बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली करत. झेरॉक्सच्या आराखड्यातला पत्ता फोनवर ओरडून सांगणारी आमची पहिलीच पिढी असावी.

मग फोन आणि टॅब आले. आयफोन २००७, अँड्रॉइडचा पहिला फोन २००८, आयपॅड २०१०. ह्यांतल्या एकालाही लॅनचं भोक नव्हतं, आणि त्याची कुणी तक्रारही केली नाही. ते भोक सेंटिमीटरभर उंच असतं, फोन त्याहून पातळ. २००८ मध्ये ॲपलने मॅकबुक एअर काढला तेव्हा लॅपटॉपमधूनही ते काढलं आणि हवं असेल त्यांनी यूएसबीची डबी वेगळी विकत घ्या म्हणून सांगितलं. मला ही पद्धत तेव्हापासून खटकते. आधी वस्तूतून एक गोष्ट काढून घ्यायची आणि मग ज्याला तिच्यावाचून चालत नाही त्याला ती जास्तीचे पैसे घेऊन विकायची. ज्याच्या घराच्या भिंती पातळ, त्याला काहीच जाणवत नाही.

फोनला ही डबी जोडणं त्याहून अवघड होतं, कारण यूएसबीत मानपान फार. इंटेलमध्ये अजय भट्ट (हे मूळचे बडोद्याचे) आणि इतरांनी बसवलेल्या आणि १९९६ मध्ये आलेल्या ह्या पद्धतीत एक यजमान आणि बाकीचे पाहुणे. बोलायचं ते यजमानाने विचारल्यावरच. कम्प्युटर यजमान, फोन कायमचा पाहुणा. आणि लॅनची डबीही पाहुणीच. दोन पाहुणे एकमेकांकडे बघत बसणार, पान कोण वाढणार? त्यावर २००१ मध्ये 'ऑन द गो' नावाची पुरवणी निघाली. यूएसबीच्या छोट्या पिनेत चारऐवजी पाच टोकं असतात. पाचवं टोक जमिनीला जोडलेलं दिसलं की फोनने समजायचं, आज यजमान आपण. बाजारात जी 'ओटीजी केबल' मिळते तिच्यात एवढीच करामत असते. अँड्रॉइडमध्ये यजमान होण्याची सोय ३.१ ह्या आवृत्तीत, २०११ मध्ये आली. यूएसबी-सी २०१४ मध्ये आलं आणि ही भूमिकांची अदलाबदल त्यात मुळातच धरलेली आहे. आयफोनला यूएसबी-सी मिळायला २०२३ उजाडलं.

पण यजमान होणं आणि पाहुण्याची भाषा कळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला तापकीर गल्लीतून पहिली डबी घरी नेल्यावर कळलं. ताईकडचा टॅब जुना, लहान पाच टोकांच्या पिनेचा. ओटीजी लावली, डबी लावली, केबल लावली. डबीवरचा दिवा लागला. टॅबवर ढिम्म काही नाही. डबीच्या आतली चिप ज्या बनावटीची, तिचा ड्रायव्हर टॅबच्या कर्नलमध्ये घालायचा की नाही हे टॅब बनवणारा ठरवतो, आणि आपल्याला नंतर तो घालता येत नाही. कम्प्युटरवर सीडी घालून ड्रायव्हर टाकायचे दिवस इथे नाहीत. दुकानात परत गेलो. तो मुलगा आता जरा रस घ्यायला लागला होता. त्याने डबे उपसून वेगळ्या चिपची एक जुनी, हळू, १०० मेगाबिटवाली डबी काढली आणि म्हणाला, "ही घेऊन बघा काका, जुन्याला जुनं चालतं कधीकधी."

चाललं! आधी वायफाय बंद केलं, मोबाईल डेटा बंद केला, म्हणजे टॅबला दुसरी वाटच उरली नाही. वर कोपऱ्यात पंख्याऐवजी दोन कंसांत तीन ठिपके असं चिन्ह आलं. पत्ता वगैरे राउटरने आपोआप दिला. डबीच्या पोटावर बारा अक्षरं-आकड्यांचा मॅक छापलेला होता. तो मी सवयीने वाचला आणि क्षणभर वाटलं, आता केबलवाल्याला फोन करावा लागणार. पण राउटर मधे असल्याने त्याला काही कळायचं कारण नव्हतं.

अडचणी आल्याच. डबी टॅबची बॅटरी पिते आणि ओटीजी लावली की त्या टॅबला चार्जर लावता येत नाही, एकच भोक. म्हणून रोज पेपरआधी टॅब शंभर टक्के करून ठेवायचा. एक ॲप 'वायफायला जोडा' म्हणून हटून बसलं, कारण त्याच्या लेखी नेट म्हणजे वायफाय नाहीतर सिमकार्ड. नशीब, ते परीक्षेचं नव्हतं. केबल दाराच्या उंबऱ्यावरून आणली तर आईच्या पायात येईल, म्हणून देवघराच्या वरच्या फळीवरून, खुंट्यांना बांधत मागच्या खोलीत उतरवली. आई म्हणाली, "गणपतीच्या माळा अशाच लावायचा तू."

पेपर सुरू झाले. पहिल्या दिवशी मी पुढच्या खोलीत राउटरपुढे बसून होतो, जणू मी उठलो तर तो बंद पडेल. तासभर ते हिरवं लुकलुकणं बघत. एकदाही तुटलं नाही. दुसऱ्या पेपरला मात्र विद्यापीठाचंच संकेतस्थळ वीसएक मिनिटं अडकलं, सगळ्यांचंच. तिथे माझी पन्नास फूट वायर काय करणार? पण भाची रडली नाही. बाहेर येऊन म्हणाली, "मामा, ह्या वेळी आपल्याकडचं नाही, त्यांच्याकडचं गेलंय, एवढं तरी कळलं." त्या मुलांना खरं तर एवढंच हवं होतं. चूक आपली की दुसऱ्याची, हे कळणं. तिच्या वर्गातल्या कितीतरी जणांना ते शेवटपर्यंत कळलं नसेल. कुणी गच्चीवर बसून पेपर दिला, कुणी गावाबाहेरच्या टेकडीवर. त्यांना वायर जोडायला भोकही नव्हतं आणि वायरही नव्हती.

अब्रॅमसन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले. बॉग्ज २०२२ मध्ये. मेटकाफना २०२२ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, मार्च २०२३ मध्ये जाहीर झालं. ती बातमी मी भाचीला पाठवली. ती आता नोकरीला लागली आहे. तिचं उत्तर आलं, "मस्तच! मामा, ती डबी कुठे आहे? माझ्या रूमवर वायफायची बोंब आहे."

डबी माझ्या टेबलाच्या खणात होती. कुरिअर केली. नव्या फोनला बसावी म्हणून सोबत एक छोटा सी-पिनचा जोडही घेतला, त्याच गल्लीतून. तो मुलगा अजून तिथेच आहे. ह्या वेळी त्याने काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "कुठल्या चिपची आहे ते बघून घ्या काका."